लग्नानंतरची विनी हार्डी

२१ ऑगस्ट २०१५
आज लायब्ररीत १९३१ चं एक इंग्रजी मोटार मासिक सापडलं, आणि त्यात विनी हार्डी! चेहरा तेलानं काळा, नुसते दात दिसतायत, आणि हसतेय. डॉक्टरची मुलगी. पहिली शर्यत भावाची गाडी घेऊन मारली. पुरुषांच्या शर्यतीत बायकांना मज्जाव, म्हणून ही बायकांच्या शर्यतीत उतरली आणि पुरुषांपेक्षा कमी वेळात आली! फारच आवडली मला.
गणपतीत इथल्या मराठी मंडळाला एकपात्री हवंय. हीच करते.

२६ ऑगस्ट
सौमित्र म्हणाला, "छान! तुला काहीतरी मिळालं करायला."
काहीतरी! चाकणला टेस्ट ट्रॅकवर होते मी. ओल्या रस्त्यावर शंभरच्या वेगात ब्रेक मारायचा, गाडी कुठे सरकते ते बघायचं, आणि डिझाइनवाल्यांना जाऊन तोंडावर सांगायचं. नवऱ्याला सिंगापूरची नोकरी लागली, आले मुकाट. आता क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये भेंडी कोवळी आहे का ते तपासते. माझ्या इथल्या राहण्याच्या पासवर 'डिपेंडंट' लिहिलंय, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून. इथे किती अर्ज केले, कुणी साधं नाहीसुद्धा म्हणत नाही.
सौमित्र वाईट नाही. तेच तर! वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.

३१ ऑगस्ट
पद्माकर सरांचा फोन — चाकणचे माझे साहेब. "जागा निघालीये. ट्रॅक सगळा तुझ्याकडे. सप्टेंबरअखेर सांग, त्यापुढे मला थांबता येणार नाही."
फोन ठेवला आणि कपडे वाळत घालायला घेतले. मशीन लावलंच नव्हतं.
सौमित्रला बोलले नाही. त्याचं इथे आत्ता कुठे बस्तान बसतंय, तो काही परत येणार नाही. म्हणजे जायचं तर एकटीनं. जायचंय का? जायचंय.

६ सप्टेंबर
धूर. पलीकडे सुमात्रात जंगलं जळतायत आणि इथे आमचे डोळे चुरचुरतायत. खिडक्या बंद. हॉल ते बेडरूम, बेडरूम ते हॉल.
विनीचा टायर फुटला, गाडी ट्रॅकच्या कठड्यावरून खाली. बरगड्या मोडल्या. इस्पितळातून सुटली ती थेट गॅरेजात! आणि मग १९३४ — रबर कंपनीतल्या साहेबाशी लग्न, नवऱ्याबरोबर सिंगापूरला रवाना. बस्स. पुढे अवाक्षर नाही. सगळी मासिकं पालथी घातली. लग्न झालं की बाई संपली! इथेच कुठेतरी राहिली असेल, पाहुण्यांना चहा ओतत. काय करत असेल दिवसभर?

१० सप्टेंबर
तालीम. कार्यक्रम मालतीताई बसवतात, मंडळात त्यांचा शब्द शेवटचा.
"अगं, शेवट कुठाय? गणपतीपुढे असं अर्धवट नको बाई. ती संसारात रमली असं दाखव."
"पण ताई, पुढचं कुणालाच माहीत नाही."
"मग तर सोपंच झालं की!"

१७ सप्टेंबर
गणपती बसले. माझे मोदक फुटले, सौमित्रनं फुटकेच आवडीनं खाल्ले.
शेवट दोन तयार आहेत. एकात विनी बोटीनं एकटी परत जाते. मालतीताईंना दुसरा, संसारात रमल्याचा, तेवढाच वाचून दाखवलाय. पण स्टेजवर बोटीचाच करणार! तिथे मला कोण अडवतंय? सौमित्रही समोर असेल. मलाही जायचंय हे त्याला तिथेच कळेल. समोरासमोर बोलायची हिंमत नाही, हे असं तरी.

१९ सप्टेंबर
निम्मा पुरुषवर्ग इथल्या फॉर्म्युला वनच्या शर्यतीला जाईल म्हणून मालतीताई धास्तावल्या होत्या. तरी हॉल भरला. पोहायचा गॉगल लावून शर्यत केली — हशा, शिट्ट्या. टायर फुटला तेव्हा एकदम शांतता. मजा आली!
मग शेवट. पहिल्या रांगेत सौमित्र, मोबाइलवर शूटिंग करतोय, तोंड अर्धवट उघडं. बोटीचं वाक्य ओठांवर आलं होतं. आलं आणि गिळलं. विनीला व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणायला लावलं, "आता कुठे पोचायची घाई नाही गं मला."
कडकडून टाळ्या! मालतीताईंनी डोळे पुसले, "किती खरं वाटलं गं!"
भित्री. भित्री. भित्री.

२१ सप्टेंबर
सौमित्र ऑफिसातून पेढे घेऊन आला. म्हणाला, "परवा तुला स्टेजवर बघितलं आणि जिवाला बरं वाटलं. मला सारखं वाटायचं, हिला मी ओढून आणलं इथे. पण तू रमलीस, अश्लेषा." मग म्हणाला, घरमालकाशी बोललो, लीज आणखी दोन वर्षांसाठी वाढवली. सही करून आला होता! मला सरप्राइज.
मी म्हटलं, "अरे वा."
अरे वा! जीभ कशी झडली नाही माझी? त्याची काय चूक? मीच भर सभेत सांगितलं ना, घाई नाही म्हणून. इतकं छान सांगितलं की बिचाऱ्यानं विश्वास ठेवला.

२२ सप्टेंबर
झोप नाही. पेढे तसेच.

२४ सप्टेंबर
हरी रायाची, म्हणजे इथल्या बकरी ईदची, सुट्टी. सकाळी पद्माकर सरांना 'येते' म्हणून कळवलं. सौमित्र आत शीळ घालत दोघांचे पोहे करतोय. उठते. सांगते त्याला.