सुकाणूवरचा सायलस

हॉलिवूड,
३ फेब्रुवारी १९४९

ती. ताईस,
रूफसचा साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, तुम्ही दोघीही असाल असं धरून चालतो.

आईला जवळ बसव आणि पुढचं मोठ्याने वाच. मी लिहिलेला चित्रपट पुरा झाला, आणि सायलसमामा शेवटपर्यंत सुकाणूवर आहे. व्हिटकमसाहेबांच्या कथेत आहे तसाच: बोट पेटलेली, लोक काठावर उड्या टाकताहेत आणि वर काचेच्या खोलीत हा एकटा, बोट काठाला टेकवून धरणारा. याच कथेवरच्या आधीच्या दोन्ही चित्रपटांत त्याला उडी मारून पळताना दाखवला होता, कारण सुकाणू देखण्या नायकाच्या हाती द्यायचं तर ते आधी कुणीतरी सोडायला हवं. या खेपेस मी निर्मात्याशी भांडभांड भांडलो. शेवटी कंटाळून तो म्हणाला, बरं बाबा, घाल तुझ्या मनासारखं.

आता इथल्या रिवाजाप्रमाणे एका उपनगरातल्या थिएटरात चित्रपट आधी दाखवतील आणि प्रेक्षकांकडून कार्डांवर मतं लिहून घेतील. त्यात काळजीचं काही नाही. तुझ्या हातच्या सफरचंदाच्या पायची फार आठवण येते. इथे मिळतो तो नुसता दिसायला चांगला.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
रूफस


केर्न्स लँडिंग, इलिनॉय,
१२ फेब्रुवारी १९४९

चि. रूफस यास,
ल्युएलाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. माझा घसा बसला, तिचं मन भरेना. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

तू तिकडे गेलास, तुला कल्पना नाही. पहिला मुका चित्रपट आला तेव्हापासून गावातली पोरं नदीत उडी मारताना सायलसच्या नावाने ओरडतात. मिसेस टिडवेल अजून मला म्हणते, तुमच्या घराण्यात पोहायला मात्र सगळ्यांना छान येतं हं. मी हसते, काय करणार. आई ऐकू आलं नाही असं दाखवते. बोट पेटली त्या संध्याकाळी तिने काठावर उभं राहून भावाला सुकाणूवर जळताना पाहिलं, शेजारच्या व्हिटकमला तिनेच सांगितलं, म्हणून तर त्याने ती कथा लिहिली. पाहिलेलं दुसरं कुणी आता जिवंत नाही. एकदा गावासमोर तो जसा होता तसा दिसू दे, मग मी सुखाने जाईन, एवढंच तिचं मागणं.

आणि हो, पडद्यावर तुझं नाव दिसेल ना? सगळ्यांना सांगत सुटली आहे. नाव मोठ्या अक्षरांत घालायला सांग, तिच्या चष्म्याचा काही भरवसा नाही.

प्रकृतीला जप. आईचा पापा.
तुझी ताई,
ल्युएला


हॉलिवूड,
२ एप्रिल १९४९

ती. ताईस,
नमस्कार. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

कार्डं वाईट आली. नायक नुसता बघत का उभा राहतो, असं बहुतेकांनी लिहिलं. माझा करार संपला होता, मला कुणी विचारलंही नाही. दुसऱ्याच एकाकडून शेवट लिहून घेतला आणि पुन्हा चित्रित केला. मामा या वेळी उडी तर मारतोच, वर एका बाईला ढकलून मारतो. मी स्टुडिओच्या फाटकाशी गेलो तर पहारेकऱ्याने आत सोडलं नाही.

माझं नाव काढायचं का, असं फोनवर विचारलं होतं. मी ठेवा म्हटलं. खरं सांगतो, नाव गेलं असतं तर पुढचं काम मिळालं नसतं. आणि वाटलं, आईला निदान तेवढं तरी दिसेल. तिला चित्रपटाला नेऊ नकोस. ताप आलाय म्हण, काहीही म्हण.

राग धरू नकोस.
रूफस


केर्न्स लँडिंग,
३१ मे १९४९

चि. रूफस यास,
अनेक आशीर्वाद.

लिहायला उशीर झाला.

मी आईशी खोटं बोलले नाही. शेवट दुसऱ्यांनी बदललाय, रूफसचा त्यात हात नाही, असं स्वच्छ सांगितलं. ती म्हणाली, मुलाचं नाव तेवढं बघते नि उठते. चित्रपट गावात आला तशी निळा झगा घालून निघाली. नाव आलं तेव्हा माझा हात घट्ट धरला. मग उठेचना. मी दंडाला धरून उठवायला लागले, तर माझा हात झटकला आणि शेवटपर्यंत बघितलं. बाहेर पडताना सगळे आमच्याकडे बघत होते. मिसेस टिडवेलसुद्धा काही बोलली नाही.

दोन दिवसांनी आई म्हणाली, धूर फार होता गं, आणि मी लहान होते. मी पुन्हा सांगितलं की ते तू लिहिलेलं नाही. तर मलाच विचारते, मग त्याचं नाव तिथे कसं? खोट्याखाली नाव घालेल असा मी त्याला वाढवलेला नाही. यावर मी काय बोलणार होते, तूच सांग.

काल सगळ्या मृतांच्या स्मृतिदिनाला नेहमीप्रमाणे फुलं घेऊन दफनभूमीत गेलो. तिने सगळ्यांच्या थडग्यांवर ठेवली. सायलसमामाच्या थडग्याशी थांबली नाही. परत येऊन मी व्हिटकमचं पुस्तक काढलं आणि ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला वाचून दाखवली. शांतपणे ऐकली. मग म्हणाली, "भला माणूस होता बिचारा. माझं मन राखायला त्याने तसं लिहिलं असेल."

आता येऊ नकोस. तू आलास तर ती लाडाने तुझ्या तोंडावरून हात फिरवेल आणि खरं सांगितलंस म्हणेल. ते तुला सोसवायचं नाही, आणि मला तर बघवणार नाही.

तिने तुला आशीर्वाद कळवलेत.
ल्युएला