पंक्चर झाली का?

मार्च, मंगळवार, संध्याकाळ

पाय दुखत नाहीत, जीवच कंटाळलाय. शर्यती आता थेट थंडीत. तोवर सायकल हळूच चालवायची, असं कोचनं बजावलंय. छातीचे ठोके वाढले की मनगटावरचं घड्याळ बोंबलतं. पंचेचाळिशी आली, आत्ता दम साठवला नाही तर यंदाही शेवटच्या घोळक्यातच राहीन. पटतं मला.

आज कोराडी रोडवर तसाच रेंगाळत चाललो होतो. अंगात शर्यतीची जर्सी, डोक्यावर हेल्मेट. मागून एक काकू आल्या. साधी लेडीज सायकल, कॅरिअरला भाजीची पिशवी, तिच्यातून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. बरोबरीला येऊन मायेनं म्हणाल्या, "काहून गा, पंक्चर झाली का?"

"नाही काकू, ट्रेनिंग करून राहिलो."

"कायची?"

"हळू चालवायची."

त्यांनी जरा विचार केला. "बरं, चालू दे," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या शेंगा माझ्या डोळ्यांसमोर डुलत राहिल्या. जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, मारले जोरात पायडल. घड्याळ बोंबललं, तरी थांबलो नाही. आठवडाभराचा संयम त्या शेंगांपायी गेला.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, हसेल नाहीतर चिडेल. पोळी लाटता लाटता तिनं एवढंच विचारलं, "मंग, मागं टाकलं का त्यायले?"

नाही. कॉलनीच्या गेटात वळल्या, तेव्हाही त्या पुढेच होत्या.