मोटार माझी, पेटी खुशालरावांची

मी, पार्वताबाई बेवा भगवंतराव देशमुख, वय साठीच्या आसपास, धंदा शेती, राहणार मौजे बोरगव्हाण, चांदूर बाजारनजीक, जिल्हा अमरावती, आपल्या खुषीने व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालील असा माणूस या घराण्यात आता उरलेला नाही. व्यसन एक तंबाखूचे आहे, त्याने अक्कल जात नाही. छातीत कळ येऊन डावा हात जड होतो, म्हणून हे काम लांबणीवर टाकलेले नाही. लिहून घेणारे वकील हरिहरपंत यांनी मध्येच लेखणी खाली ठेवून "बाई, हे मृत्युपत्रात घालत नाहीत" असे म्हटले. मी म्हटले, "मंग काहात घालतेत? मी मेल्यावर मले दुसरा कागद कोन देनार हाय?" त्यांनी लेखणी उचलली.

कलम पहिले. राहते घर आणि देशमुखीची जमीन नवऱ्याच्या घराण्याची आहे. तिच्यावर माझा पोटापुरता हक्क होता, तो माझ्याबरोबर संपेल. माझ्या स्वतःच्या मालकीच्या वस्तू तीनच. वडिलांनी आंदण दिलेले बार्शीटाकळीच्या शिवारातले शेत, त्या शेताच्या कापसावर घेतलेली बोरगव्हाणची संत्र्याची बाग, आणि त्याच कापसावर घेतलेली मोटार. मोटारीची पावती माझ्या नावाची आहे. यजमानांनी ती तशी मुद्दाम करून घेतली होती, एवढे त्यांचे उपकार मी मानते.

कलम दुसरे. बार्शीटाकळीचे शेत माझी नात शकुन हिला द्यावे. शकुन ही माझी मुलगी सिंधू हिची मुलगी. सिंधू शकुनच्या जन्माच्या दिवशीच गेली. बापाने दुसरे लग्न केले आणि पोर माझ्या ओटीत टाकली. ती आता अठरा वर्षांची आहे आणि अमरावतीस बाळंतपणाचे शास्त्र शिकते आहे. शेतावर दुसऱ्या कोणाचा हक्क-संबंध नाही. कोणी सांगत आल्यास त्याला दारातूनच परत लावावे.

कलम तिसरे, मोटारीबाबत. हे लांबेल.

मोटार एका गोऱ्या साहेबाने विलायतेस जाताना विकली, ती आम्ही घेतली. तेव्हा ती उघडी होती, वर घडीचा टप होता. माझे दीर खुशालराव यांनी ती दारात पाहिली आणि जेवण सोडले. देशमुखांच्या बाया गोषातल्या. त्या पडद्याच्या दमणीतून माहेरी जायच्या, बैलांनासुद्धा तोंड दिसत नसे. त्या उघड्या गाडीत बसून बाजारातून जाणार? मग भाऊजींनी माझ्या मोटारीची मागची बाजू कापवली आणि तिच्यावर धारणीकडच्या सागवानाची पेटी चढवली. तीन बाजूंनी फळ्या, मागे जाड पडदे, वर पत्रा. गाडी हाकणारा परका पुरुष, त्याच्या कानी आमचा आवाज जाऊ नये म्हणून त्याच्या आणि आमच्या मध्येही फळी. त्या फळीला भोक पाडून एक दोरी सोडली आणि पुढे तिला पितळी घंटी बांधली. थांबायचे असेल तर बाईने दोरी ओढायची. आमच्या घरात याला सुधारणा म्हणत.

सिंधूला पहिलटकरणीच्या कळा लागल्या आणि मूल अडले, त्या दिवशी यजमान दाव्याच्या तारखेला अकोल्याला गेले होते. सुईण म्हणाली, अमरावतीस न्या. पेटीत सिंधू, सुईण आणि मी. पुढे गाडी हाकायला पुंजाराम आणि त्याच्या शेजारी भाऊजी. चांदूर बाजारात शिरलो तेव्हा मूल बाहेर आले. पोर रडली, पण सिंधूचे रक्त थांबेना. चांदूरचा दवाखाना रस्त्याला लागून आहे. पडद्याच्या फटीतून मी ओट्यावर उभा असलेला डॉक्टर पाहिला. मी दोरी ओढली. घंटी वाजली, मी ऐकली. पुन्हा ओढली, पुन्हा वाजली. मग दोरी एकाएकी जड झाली. फळीच्या पलीकडून कोणीतरी ती मुठीत धरली होती. मी ओरडले. देशमुखांची बाई भर बाजारात ओरडली, पण बाजाराच्या कालव्यात आणि सागवानात तो ओरडा जिरला. गाडी दवाखान्यावरून पुढे गेली. अमरावतीच्या वेशीत सिंधू संपली.

घरी आल्यावर भाऊजींनी चारचौघांत सांगितले, "घंटी वाजलीच नाही. वाजली असती त मी गाडी उभी नसती केली काय?" बाया घाबरल्या, दोरी ओढायची विसरल्या, असे ठरले. पुंजाराम खाली मान घालून उभा होता. यजमानांनी भावाचा शब्द धरला. ते मरेपर्यंत माझ्याशी चांगले वागले, पण आईनेच दोरी ओढली नाही असे समजूनच गेले. हे मी खुशालरावांना या जन्मी माफ केलेले नाही आणि पुढच्या जन्मीही करणार नाही. हे वकिलांनी ठळक अक्षरात लिहावे.

यजमान गेल्यावर मी पुढे बसू लागले, तोंड उघडे ठेवून. मागच्या पेटीतून सरकी, कडबा, संत्र्यांच्या करंड्या जाऊ लागल्या. पेटी काढून टाका असे पुष्कळांनी सांगितले. मी काढू दिली नाही. ती मला एका कामाकरिता हवी होती, ते काम पुढे येईल.

आता प्रश्न असा की मोटार झाली जुनी. तिच्यावर पैसा घालावा की घालू नये? शकुनने पुंजारामाकडून तुरीच्या शेतात गाडी हाकायचे शिकून घेतले, पण ती बुटकी आहे, पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत, आणि हँडल मारून गाडी सुरू करताना उलटा झटका बसून तिचे मनगट सुजले. "आजी, चाक माह्यं आयकते," ती म्हणाली, "हँडल नाही आयकत." म्हणून मी अमरावतीहून नत्थुजी मिस्त्रीला बोलावले. त्याने गाडीखाली डोके घातले, बाहेर काढले आणि हात पुसले.

"बाई, ह्या डबड्याले पैसा लावून काय करता? यात नवी अर्धी येईन."

"तू बटन बसवून देशीन का नाही? हँडल न मारता चालू झाली पायजे."

"बसवीन. पन पेडल उचलले आन् बैठक पुढं घेतली, त माणसाले बसता येनार नाही."

"माणसाले बसवतेच कोन?"

वकीलही मिस्त्रीच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे, मोटार विकावी, पैसा पोरीच्या नावे ठेवावा, शहाणा माणूस हेच करील. मी ऐकून घेतले. खरे सांगते, मन डळमळले होते. म्हाताऱ्या बैलाला चांदीची शिंगे कशाला, असेही वाटले. शकुनला पैसा उपयोगी पडेल, पत्रा काय कामाचा? पण त्याच आठवड्यात खुशालराव आपण होऊन माझ्याकडे आले. "वहिनी," ते म्हणाले, "ते डबडं काहून ठेवून राहिल्या? मी घेतो इकत. मोडीतच काढायचं हाय, पन तुमाले भाव चांगला देतो." त्यांचा डोळा मोटारीवर नव्हता. पेटीवर होता, आणि फळीतल्या त्या भोकावर. एवढी वर्षे ती पेटी त्यांच्या दारावरून जाते-येते आहे आणि ते तोंड फिरवून घेतात, हे मी रोज पाहत आले आहे. त्यांना ती मोडीत हवी आहे, हे कळले त्या दिवशी माझे ठरले.

सबब या सालच्या बार्शीटाकळीच्या कापसाचा पैसा मोटारीवर घालावा. नत्थुजीने बटन बसवावे, पेडलांवर लाकडी ठोकळे चढवावे, बैठक शकुनच्या मापाची करावी. पेटीस तूर्त हात लावू नये. मोटार शकुनची. बाळंतपणाची नड असलेली कोणत्याही घरची बाई तिने तीतून दवाखान्यात आणावी. खुशालरावांच्या सुनांना नड पडली तर त्यांनाही आणावे. त्यांचा अपराध नाही, त्यांचेही तोंड कोणी पाहिलेले नाही.

कलम चौथे, संत्र्याची बाग. ही बाग खुशालरावांच्या विहिरीला लागून आहे. ती मिळावी म्हणून त्यांनी काय काय केले ते लिहिले तर कागद पुरणार नाही. मोजणीदार फितवला, कुंपण सरकवले, माझ्या झाडाखाली आपली गुरे सोडली. तर बाग मी खुशालरावांना देते. वकिलांना याचे नवल वाटले. अट एकच आहे. बाजाराच्या दिवशी खुशालरावांनी माझ्या मोटारीत मागे, पेटीत, एकट्याने बसावे. पडदे सोडावे. बोरगव्हाणाहून चांदूर बाजारातून अमरावतीपर्यंत जावे. गाडी शकुन हाकील. पडद्याबाहेर डोके काढल्यास किंवा पेटीत बसण्यास नकार दिल्यास बाग शकुनची. लाज वाटते असे म्हटले तरी नकारच धरावा.

कलम पाचवे. तो प्रवास झाल्यावर, किंवा नकार आल्यावर, पेटी उतरवावी आणि पूर्वीसारखा घडीचा टप चढवावा. फळ्या सागवानी आहेत, फेकू नयेत. त्यांचे बाकडे करून चांदूरच्या दवाखान्यासमोर, सरकारी परवानगी घेऊन, ठेवावे. बाकड्यावर कोरावे, "सिंधूच्या स्मरणार्थ, घंटी ऐकू न आलेले काका खुशालराव देशमुख यांजकडून." वकील म्हणतात, अब्रूनुकसानीचा दावा होईल. मेलेल्या बाईवर दावा करून भाऊजींनी दाखवावाच.

कलम सहावे. पुंजारामाला मी बार्शीटाकळीच्या शेतावरची बैलजोडी देणार होते. त्याला बोलावून विचारले, "त्या दिवशी घंटी वाजली होती काय?" तो रडायला लागला. म्हणाला, "मालक बोलले, बाया भेल्या असतीन, चाल, बाजारात उभी करशीन त खबरदार. मी त्यायचं मीठ खाल्लं बाई." मी म्हटले, हे कागदावर सांगशील? वकिलांनी मध्येच सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, साक्ष कच्ची पडते; जोडी घे किंवा साक्ष दे. पुंजाराम म्हणाला, "जोडी नोको. आंगठा घ्या." म्हणून पुंजारामाला काही दिलेले नाही. त्याच्यावरचा राग मी कमी केला आहे, सोडलेला नाही.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील हरिहरपंत यांनी करावी. माझ्या तेराव्याला, पंगत बसण्याच्या आधी, सर्व भाऊबंदांसमोर ते मोठ्याने वाचावे. जेवणानंतर लोक पेंगतात. खुशालरावांना पुढे बसवावे. ते उठून गेले तर दारात उभे राहून वाचावे, आवाज त्यांच्या घरापर्यंत जातो.

कलम शेवटचे, शकुनसाठी. खुशालराव पेटीत बसले आणि चांदूर बाजारात त्यांचा जीव घाबरला, तर ते दोरी ओढतील. तुझ्या मनात येईल की ऐकू आले नाही असे करावे. तसे करू नकोस. पहिल्या घंटीला थांब. दवाखान्यासमोर, भर गर्दीत, गाडी उभी कर, खाली उतर आणि पडदा उचलून विचार, "काय झालं, आजोबा?" गाडी थांबवायला किती थोडे लागते, ते त्यांनी आतून पाहावे.

हे सर्व वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे. मुक्काम अमरावती, तारीख ११ माहे जानेवारी सन १९४०.

सही, पार्वताबाई बेवा भगवंतराव देशमुख, दस्तुर खुद्द.

लेखक, हरिहरपंत, वकील, अमरावती. मजकूर बाईंच्या सांगण्याप्रमाणे, माझा सल्ला वगळून.

साक्षीदार, नत्थुजी मिस्त्री, अमरावती. बाईंनी समक्ष सही केली.

साक्षीदार, पुंजाराम, राहणार बोरगव्हाण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. बाईंनी समक्ष सही केली. त्याने आणखी लिहायला सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहिले: "घंटी वाजली होती. म्या आयकली."