जाऊ नका म्हणायची नोकरी

३ मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरातली अकरा सबस्क्रिप्शनं आज मुळासकट उपटली. भूल न देता!

बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. घरात माणसं चार, आणि दर महिन्याला खात्यातून गुपचूप पैसे नेणारी ॲप्स सतरा. मी माझी नेहमीची पद्धत वापरली. सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवायचं. मी एकेक नाव वाचायचं. गेल्या महिन्यात ज्यानं ते उघडलं त्यानं हात वर करायचा – आणि शेवटचं काय पाहिलं ते सांगायचं. हात नाही, तर ॲप नाही. ध्यानधारणेच्या ॲपला कुणाचाच हात वर नाही. तीन वर्षं पैसे जातायत. बाई म्हणाल्या, "एकदा लावलं होतं. लगेच झोप लागली." मग घरात पळायच्या यंत्राबरोबर आलेलं व्यायामाचं ॲप. यंत्रावर टॉवेल वाळत होते. मग कुत्र्याच्या पट्ट्याचं ॲप, कुत्रा कुठे फिरतोय ते दाखवणारं. कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली. बाईंच्या सासूबाई म्हणाल्या, "कुठे गेलाय ते आम्हाला माहीत आहे. बंद करा."

जिन्यात येऊन मी पोट धरून हसले. एकावन्नाव्या वर्षी मला असा धंदा सापडेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

४ मार्च

हे म्हणतात, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात लोकांनी."

खोटं नाही. अकरा वर्षं मी एका कंपनीत फोनवर बसत होते. कुणी ॲप बंद करायला फोन केला की तो माझ्याकडे यायचा, आणि माझं काम एकच – त्याला जाऊ द्यायचं नाही. गोड बोला, अर्ध्या दरात द्या, नाहीतर रडीचा डाव खेळा. दहातले सात मी थांबवायचे! मग गेल्या वर्षी माझ्या जागी बोलणारं यंत्र आलं, आणि मला मात्र जाऊ नका म्हणायला कुणी आलं नाही. आता बंद करायचं बटण कुठल्या पानाच्या तळाशी दडवलंय ते मी झोपेतसुद्धा सांगेन.

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "हे दिसतं का, आणि आता?" असं विचारून दमतात, तरी संध्याकाळी माझी सगळी बडबड ऐकून घेतात.

८ मार्च

दोन भाऊ, एक घर, लागून लागून खोल्या. सिनेमांचं एकच ॲप दोघांनी वेगवेगळं घेतलेलं! आणि दोघं पाहतायत तीच रहस्यमालिका. धाकट्यानं हात वर केला, म्हणाला, "सातवा भाग. त्यात तो नोकर –" थोरल्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मी पाचव्यावर आहे."

एक बंद करायला फोन लावला तर यंत्र म्हणालं, "तुमच्याशिवाय आम्हाला करमणार नाही." अरे, हे वाक्य माझं! मीच लिहून दिलं होतं, बक्षीस म्हणून कंपनीनं एक कप दिला होता. मी यंत्राला म्हटलं, "करमेल हो, सवय होते." दोन्ही जावा खुर्चीवरून पडायच्या राहिल्या.

१२ मार्च

एका आजोबांच्या क्लाउडमध्ये त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचे दोनशे बारा फोटो. पुसले, मोठी जागा सोडून छोटी घेऊन दिली. एक अंगठा त्यांनी ठेवून घेतला.

१३ मार्च

लोकांचे क्लाउड झाडत फिरते, आणि माझा? इथे लिहूनच टाकते. ह्यांनाही सांगितलेलं नाही.

फॅमिली प्लॅन आहे, पैसे मी भरते. यादीत चौघं – मी, हे, लेक आणि माझी धाकटी बहीण. घेतलेल्या जागेच्या पावसुद्धा लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी असा प्लॅन दिसला असता तर मी त्यांना हसले असते. पण पैसे भरणाऱ्याला दिसतं, कुणी किती जागा वापरली. फोटो दिसत नाहीत, नुसता आकडा. धाकटीचा आकडा दर महिन्याला थोडा वाढतो. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. ती कशी आहे, कुठे जाते, कुणाबरोबर हसते, काही कळत नाही. तिची खबर म्हणून माझ्याकडे तेवढा एक आकडा आहे, आणि तो मी दर एक तारखेला बघते.

झालं लेकीच्या लग्नात. फोटोवाला घाई करत होता. मी ओरडले, "आधी घरचे उभे राहा, पाहुणे नंतर." धाकटी स्टेजची पायरी चढत होती. ती थांबली. "मग मी खाली पाहुण्यांत थांबते," म्हणाली. घरचे म्हणताना माझ्या मनात तीही होतीच की! पण ते म्हणायला हवं होतं. मला ऐकू आलं होतं ती काय म्हणाली ते. हातात दहा कामं होती, वाटलं, रुसू दे, जेवताना समजूत काढू. जेवायला ती नव्हतीच. मग तिनं फोन केला नाही म्हणून मी केला नाही, आणि मी केला नाही म्हणून तिनं.

जाऊ दे. उद्या दोन घरं आहेत.

१९ मार्च

वाचनालयाच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम ठरला! डॉक्टरीणबाईंनी जमवून आणलं. समोर खुर्च्या, मागे पडदा, माझा फोन त्या मोठ्या पडद्यावर दिसणार. ह्यांनी मला नवी लाल फ्रेम करून दिली. आरशासमोर चारदा "नमस्कार" म्हणून झालं.

२१ मार्च

काय दिवस! खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडकीत बसले. अंगठ्यांचे आजोबा पहिल्या रांगेत. मी बोलतेय आणि लोक हसतायत, मी जरा थांबते आणि तरी हसतायत! माझे पाय जमिनीवर नव्हते.

एक गृहस्थ उठून म्हणाले, "सांगणं सोपं असतं बाई. तुम्ही स्वतःचं काही बंद करून दाखवा." मी म्हटलं, "सेकंद मोजा." फोन उघडला, पहिलाच दिसला तो क्लाउडचा प्लॅन. 'बंद करा' दाबलं. मग एकामागून एक पानं – नक्की का, पुन्हा विचार करा, तुमचं हे जाईल, ते जाईल. मी लोकांना सांगत होते, "ही घाबरवायची पानं. मीच लिहायचे. वाचायचीच नाहीत, पुढे जायचं." नऊ सेकंद! टाळ्याच टाळ्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पाचव्या पानावर धाकटीचं नाव होतं.

२२ मार्च

बाकी तिघांनाही तोच मेल गेलाय. "मुख्य सदस्याने तुमची जागा बंद केली आहे. तीस दिवसांत आपले फोटो दुसरीकडे हलवा." लेकीचा फोन आला, "आई, मला का हाकललंस?" ती हसत होती. धाकटी हसली नसणार. एकदा तिला पायरीवरून खाली पाठवलं, आता पुन्हा, आणि तेही टाळ्यांच्या गजरात.

प्लॅन आत्ता परत घेता येईल. पण यादी कोरी झाली, प्रत्येकाला नव्यानं बोलवावं लागतं. आणि बोलवायचं तर तिला लिहावं लागणार. आकडाही गेला. आता ती आहे-नाही हेसुद्धा मला कळायचं नाही. लाज वाटते स्वतःची.

२३ मार्च

ह्यांना सगळं सांगितलं, आकड्यासकट. ते कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "अकरा वर्षं पगार घेऊन परक्यांना जाऊ नका म्हणालीस. बहिणीला एकदा फुकट म्हण."



२४ मार्च

पहिला मसुदा: "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." सवय! स्वतःशीच इतकी हसले की हे बघायला आले. दुसऱ्यात सगळा दोष फोटोवाल्याचा. तिसरा दोन पानी, आणि शेवटाला येईस्तोवर चूक तिचीच निघाली. तो वाचताना मात्र रडू आलं.

पाठवला तो हा: "प्लॅन माझ्या फुशारकीपायी बंद झाला. आणि त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. तेव्हा म्हणायला हवं होतं ते आता म्हणते – जाऊ नकोस."

२५ मार्च

वाचलाय तिनं. उत्तर नाही.

२८ मार्च

आज एका घरी चार ॲप्सना एकाचाही हात वर नव्हता, तरी मी म्हटलं, राहू द्या हो, असू दे. डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेलं. विचारायला आल्या, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

३१ मार्च

मेल आला. धाकटीनं स्वतःचा फॅमिली प्लॅन घेतलाय आणि मला यादीत बोलावलंय. सगळ्यात महागडा, सगळ्यात मोठी जागा, वर्षाचे पैसे एकदम भरून – मूर्ख मुलगी, मला विचारायचं तरी! खाली तिनं लिहिलंय, "ताई, आकडा तुला दिसतो हे मला माहीत होतं. म्हणून तर दर महिन्याला काहीतरी टाकत होते. आता तुझा मला दिसू दे."

एकही पान न वाचता 'हो' दाबलं. आता भराभर फोटो काढायला हवेत.