पहिल्या पानावरचं स्तवन

मास्तर, आज सकाळी धाकटे दीर आले आणि देवीच्या गाण्यांच्या पुस्तिकेचे कागद ओट्यावर ठेवून गेले. पुस्तिका पुन्हा छापायचीय. "वहिनी, चुका काढून ठेवा, उद्या नसरापूरला प्रेसवर द्यायचेत," एवढं बोलून चहासुद्धा न घेता गेले. चुका काढायला मलाच सांगतात, ह्यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. पहिल्याच पानावर तुमचं स्तवन आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलंय, 'पारंपरिक'. साऱ्या पुस्तिकेत ही एकच चूक आहे, आणि ती माझी आहे. तुम्ही होतात तोवर तोंडावर बोलायची छाती झाली नाही, म्हणून आता कागदाशी बोलत बसलेय.

भोंगवलीहून दर शनिवारी, शाळा सुटली की, मी एस.टी.नं भोरला यायची. वडिलांना भजनाचं वेड, आणि पेटी शिकवणारे जवळपास तुम्ही एकटेच. चुलत्यांनी विचारलं होतं, "मुसलमानाकडं भजन शिकाया धाडतोस व्हय पोरीला?" वडील म्हणाले, "सूर शिकाया धाडतोय. भजन तिला येतंय." तुमचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, कापड बेतायचं टेबल आणि त्या टेबलाखाली पेटी. मी खाली बसून वाजवतेय, तुम्ही वर कुणाच्या तरी पायजम्याला टीप मारताय, आणि माझा ताल चुकला की मशीन थांबतंय. एरवी तेवढंच तुमचं रागावणं. आतून चाची ओरडायच्या, "आदी दोन घास खाऊ द्या तिला, उपाशी पोटी सूर कुठनं यायचा?" त्यांच्या हातची लसणाची चटणी खाऊन मी तशाच बोटांनी वाजवायला बसायची, आणि मी गेल्यावर तुम्ही पेटीच्या पट्ट्या फडक्यानं पुसून घ्यायचात.

शब्दानं रागावलात ते एकदाच. दुकानात एक गिऱ्हाईक बाई बसल्या होत्या. "अगंबाई, एवढीशी पोर आणि काय वाजवतीय!" म्हणाल्या. मग काय विचारता, माझी बोटं लागली धावायला. मशीन थांबलं. "पोरी, स्तुती करायला बसलीस का सोताची करून घ्यायला?" आणि तेही त्या बाईंच्या देखत! मी तोंड फुगवून तडक स्टँडवर जाऊन बसले. पुढच्या शनिवारी आले, तर तुम्ही माझ्या घरच्या पेटीसाठी खोळ शिवून ठेवलेली, उरल्यासुरल्या तुकड्यांची, माप न घेता. घरी येऊन घातली, तर अगदी नेमकी बसली.

त्याच दिवशी मी विचारलं होतं, जरा फणकाऱ्यानंच, "देवाला ठाऊक नसतं का तो चांगला आहे ते? मग गाऊन कशाला सांगायचं?" तुम्ही दातानं दोरा तोडलात. "त्याला ठावं असतं. इसरतो आपून." मग म्हणालात, आमच्यात हम्द म्हणतात, तुमच्यात स्तवन, पण मूळ एकच. "पैलं गानं कुनी केलं आसंल? भ्यालेल्या मानसानं. रातभर वारा, पानी, इजा. सकाळी बघतोय तर उजाडलंय, झाडं जाग्यावर, पोरं जाग्यावर. त्याच्या तोंडनं 'वा!' निघालं. त्ये 'वा' म्हंजी स्तवन. त्यात काई मागायचं नसतंय. मागितलं की त्ये गाऱ्हानं झालं." मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही. माझं सगळं लक्ष खोळीवरच्या लाल तुकड्याकडं होतं.

लग्न होऊन मी विंझरच्या पुढं, ह्या गावात आले. बायांचं भजनी मंडळ उभं केलं, तर गावच्या देवीचं स्वतःचं असं एकही गाणं नाही. तुम्हाला म्हटलं, तुम्हीच करा. तुम्ही हसलात, "न बघता कवतिक करायला मी काय सोयरीक जमवतोय व्हय?" आणि दोन एस.टी. बदलून खरंच आलात. चपला लांब काढून पायरीशी उभे राहिलात. आधी देवीकडं, मग मागच्या डोंगराकडं किती तरी वेळ बघत होतात. आत या म्हटलं, तर म्हणालात, "हितनं दिसतीय की." आठ दिवसांनी मापाच्या वहीतलं एक पान माझ्या हातात ठेवलंत. मागं कुणाच्या तरी सदऱ्याची छाती आणि बाही, पुढं गाणं:

डोंगर तुझा, झरा तुझा, तुझंच हिरवं रान,
तुला बघाया आलो आई, येवढाच आमचा मान.

सहा कडवी, आणि कुठंही एक मागणं नाही. शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्यानं आपलं नाव घालायची आपल्याकडं रीत, पण तुम्ही घातलं नव्हतं. मी हट्ट धरला. "नको," म्हणालात, "नाव बघून कुनीतरी म्हनंल, ह्ये गाऊ नका. गानं आडंल." मग कळणार कसं कुणी केलं ते? "तू हाईस की. कुनी इचारलं तर सांग." मी म्हटलं, सांगेन. एवढा एकच शब्द मी तुम्हाला दिला होता.

पुढं देवळाचा जीर्णोद्धार झाला, पुस्तिका निघायची ठरली. ओट्यावर चार-पाच जण बसलेले, दिरांनी पेन उघडून विचारलं, "वहिनी, ह्या पहिल्या गाण्याखाली नाव कुणाचं टाकू?" विचारलं, मास्तर. अगदी तेच विचारलं. आणि मी म्हटलं, "पारंपरिक टाका." तोंडात काय किडे पडले होते माझ्या! पुढं कित्येक वर्षं मी मनाला सांगत आले की मी भ्याले, हल्लीचे दिवस बरे नाहीत, कुणी काही बोललं असतं. साफ खोटं. त्या ओट्यावर कुणी डोळे वटारले नव्हते. त्यातल्या दोघांना तर तुम्ही पायरीशी उभे राहिलेले आठवत होतं, त्यांनी आनंदानं मान डोलावली असती. खरं सांगू? बाया त्याला 'वहिनींचं गाणं' म्हणायच्या. मी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही. तुमचं नाव सांगितलं असतं तर ते कौतुक उठून भोरला गेलं असतं. पारंपरिक म्हटल्यावर ते माझ्याच घरात राहिलं.

कलशाच्या दिवशी तुम्हाला बोलावणंही मीच धाडलं होतं, काय म्हणावं ह्या निर्लज्जपणाला! तुम्ही मागं सतरंजीच्या कडेला बसलात. आम्ही स्तवन गायलो, मग मला साडी-नारळ दिला, टाळ्या झाल्या. तुम्हीही वाजवल्यात. नंतर पुस्तिका हातात आली तसा तुम्ही चष्मा लावला आणि ओळींखालून बोट फिरवत खाली आलात. मी चहा घेऊन शेजारी उभी. बोट त्या शब्दाशी थांबलं. वर बघून हसलात, "लई जुनं झालं की गं आपलं गानं." 'आपलं' म्हणालात. मी पाय धरायला हवे होते. मी म्हटलं, "मास्तर, चहा गार होतोय."

त्यानंतर मी तुमच्या दुकानाची पायरी चढले नाही. भोरला गेले तरी पलीकडच्या रस्त्यानं जायची. तुम्ही गेल्याचं नसरापूरच्या बाजारात कळलं, तेही महिन्यानं, भोंगवलीची एक ओळखीची बाई मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुझं मास्तर गेलं की गं." तुमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.

दुपारभर ते कागद पुढ्यात घेऊन बसलेय. 'पारंपरिक'वर लाल पेनानं काट मारलीय, पुढची जागा अजून मोकळी आहे. माफ करा असं लिहिणार होते, पण ते मागणं झालं, आणि तुम्ही म्हणाल हे गाऱ्हानं. म्हणून न मागता लिहिते. गाणं फार चांगलं केलंत, मास्तर. बाया गातात तेव्हा अजून अंगावर काटा येतो. हे मी तुम्हाला एकदाही म्हटलं नव्हतं. देवीचं कौतुक गाता गाता माझा जन्म गेला, आणि तुमच्यासाठी एक 'वा' निघाला नाही तोंडातून.

हे पत्र पेटीच्या खोळीत, त्या मापाच्या पानाशेजारी ठेवतेय. ठेवण्याआधी एकदा सगळं वाचून काढलं. चार पानं झालीत, आणि त्यात तुमचं नाव एकदाही आलेलं नाही. शपथेवर सांगते, मुद्दाम गाळलं नव्हतं.