भांडलेल्या माणसाचं नाव

प्रिय आई,

येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. स्मरणाच्या प्रार्थनेत दोन शब्द बोल, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलंय. बोलेन मी. तू उपासनेआधी जाऊन सतरंज्या घालायचीस, आजाऱ्यांच्या घरी डबा न्यायचीस, हे सगळं सांगेन. पण परवा आमच्या घरात जे झालं ते मला माइकवर सांगायचं नाही. ते आधी तुला सांगायचंय. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

सुरतेतली, नवागामची आपली खोली आठवते ना गं? दिवेलागणीला तू टिकल्या लावायला आणलेल्या साड्यांचा ढीग बाजूला सारायचीस, बोटांवरचा वाळलेला गोंद नखाने काढायचीस आणि चटई टाकायचीस. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून पप्पा आलेले असले तर तिघं, नाहीतर आपण दोघीच. तुझ्या पवित्र शास्त्राच्या पानांत साड्यांच्या टिकल्या अडकलेल्या असायच्या. ते आता माझ्याकडे आहे आणि अजूनही स्तोत्रं उघडली की एखादी मांडीवर पडते.

आणि मग तुझा तो नियम! आज ज्याच्याशी भांडण झालं त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी काहीतरी चांगलं मागायचं. तेही मोठ्याने. मनातल्या मनात मागितलेलं तुला चालायचं नाही. मनातल्या मनात माणूस शिव्या देतो, असं तुझं म्हणणं.

असा नियम तुलाच का सुचला, हे मला फार उशिरा कळलं. अगं, तू मुलखाची भांडखोर होतीस! नळावरचा तुझा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. एकदा शेठने तुझ्या साड्या खराब म्हणून परत पाठवल्या, तेव्हा तू डोळे मिटून म्हणालीस, "प्रभू, शेठजींच्या डोळ्यांना चांगली नजर दे, म्हणजे त्यांना चांगलं काम दिसेल." पप्पांना हसू आवरेना, त्यांनी घाईघाईने आमेन म्हणून टाकलं. पण तू थांबली नाहीस. "आणि मला तोंड आवरायची बुद्धी दे," हे तुझं दुसरं वाक्य कधी चुकलं नाही. मला तुझं कौतुक वाटतं ते या दुसऱ्या वाक्याचं. भक्त माणसं मी पुष्कळ पाहिली. पण रोज पोरीसमोर आपली चूक कबूल करणारी आई किती जणींना मिळते?

सिंधूकाकूंची गंमत तर मी तुझ्या नातीला, शेरॉनला, अजून सांगते. शेजारच्या खोलीतल्या, धुळ्याकडच्या. कपड्यांच्या दोरीवरून तुमचं रोज वाजायचं आणि रोज संध्याकाळी त्यांचं नाव आपल्या प्रार्थनेत यायचं. मधली भिंत ती केवढीशी! एके दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मन्हं नाव काबर लेस तू तुन्हा देवसमोर?" तू त्यांच्यावर करणी करतेयस, असा त्यांचा पक्का समज झाला होता. मी घाबरून तुझ्या मागे लपले. तू शांतपणे म्हणालीस, उद्या आत येऊन ऐका, नाव तुमचं आहे.

दुसऱ्या दिवशी काकू खरंच आल्या. उंबऱ्याशी बसल्या. आपण डोळे मिटले, त्यांनी मात्र तुझ्या ओठांवरची नजर हलवली नाही. तू त्यांच्या गुडघ्यांसाठी मागितलंस, सचिन गावच्या गिरण्यांत काम शोधत फिरणाऱ्या त्यांच्या मुलासाठी मागितलंस. काकू उठून गेल्या. काही दिवसांनी पुन्हा दारात. "मन्ही सूनसाठेबी मांग ना काहीतरी." पुढे दोरीवरून भांडणं चालूच राहिली, पण त्यांना संध्याकाळची धास्ती उरली नाही.

त्यांची खानदेशातली देवी कानबाई त्यांच्यापाशी आणि तुझा प्रभू तुझ्यापाशी राहिला. तिच्या रोटांचा प्रसाद आपल्याकडे यायचा, नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. तू त्यांना चर्चला का बोलवत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, मला तिच्याशी धड वागता आलं तरी देवाचं पुष्कळ काम झालं.

तुला माती दिली त्या दिवशी काकू काठी टेकत दफनभूमीत आल्या होत्या. सगळे पांगल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "आते मन्हं नाव कोन लेई?" त्याच संध्याकाळी दिंडोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तुझी चटई टाकली. तुझे जावई सुहास बसले, शेरॉन बसली.

आता माझी तक्रार ऐक. तू नियम दिलास, पण पोराला चटईवर बसवायचं कसं, ते कुठे सांगितलंस?

शेरॉन पंधरा वर्षांची झाली. यंदा तिचं दृढीकरण. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, हा विश्वास आईबापांचा नाही, माझा आहे, असं तिने आपल्या तोंडाने सांगायचं. मी ड्रेसचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. परवा शाळेतून आल्यावर ती सहज येऊन ओट्याला टेकली आणि म्हणाली, "मम्मी, मी नाही उभी राहणार. मला अजून पक्कं वाटत नाही, आणि सगळ्यांसमोर खोटं बोलायचं नाही."

मी काय काय बोलले, विचारू नकोस. आजीचं नाव बुडवशील म्हणाले. मंडळीतले लोक काय म्हणतील, हेसुद्धा म्हणाले. तिने एवढंच विचारलं की आजी असं कधी बोलली असती का. मग तिच्या खोलीचं दार आपटलं.

नसतीस बोलली तू. शाळेतल्या एका मुलीने आपल्या प्रार्थनेची टिंगल केली होती आणि मी तिचं नाव घ्यायला साफ नकार दिला होता, ते मला आठवत होतं. "गप्प बस हवं तर, पण उठू नको," एवढंच तू म्हणालीस आणि माझ्याबरोबर स्वतःही गप्प बसून राहिलीस. वरण गार झालं. पुढे तू त्या मुलीचा विषय काढला नाहीस. मी आपण होऊन तिचं नाव घेतलं तेव्हा महिना उलटून गेला होता. कुठून आणलास गं एवढा धीर?

संध्याकाळी मी चटई टाकली. शेरॉन येईल असं वाटलं नव्हतं. पण आली, भिंतीला पाठ लावून बसली. नाव मला घ्यायचं होतं, तिचंच. तोंडाशी एकच वाक्य येत होतं, प्रभू, हिला अक्कल दे. आणि तुझा आवाज आठवला, की अक्कल दे ही प्रार्थना नाही, टोमणा आहे. म्हणून मी गप्प राहिले. सुहास माझ्याकडे बघत होते.

मग शेरॉन बोलली. तिची ती अर्धी मराठी, अर्धी सुरती.

"प्रभू, आज माझा मम्मीशी झगडो झाला. ती बहुत टेन्शन घेते. मला तुझ्याबद्दल अजून पक्कं माहीत नाही. पण तिला पक्कं माहीत आहे. तर तू तिचं ऐक."

आई, मला आमेनसुद्धा म्हणता आलं नाही. सुहासनी म्हटलं. तुझ्या तोंडून माझं नाव मी लहानपणी कितीदा ऐकलं असेल, आणि दर वेळी चिडले असेन. ते ऐकताना काय होतं, ते मला परवा कळलं.

रविवारी उपासना झाली की मी नवागामला जाईन, काकूंसमोर बसून त्यांचं नाव घेईन. शेरॉन येते म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं. ड्रेसचं कापड कपाटात ठेवलंय. त्याचा विषय मी काढणार नाही, हा माझा तुला शब्द. चटई मात्र रोज पडेल. ती गप्प बसली तर मीही तिच्याबरोबर गप्प बसेन, वरण गार झालं तरी.

तुझीच भांडखोर लेक,
रिबका