कडेचे चौघे

३ ऑक्टोबर
बस चालवणाऱ्या बाई आज दुकानात आल्या. रोज त्यांच्याच बसने येतो, पण बोलणं कधी झालं नव्हतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा शाळेचा वर्गफोटो काउंटरवर ठेवला. मागे आमच्याच स्टुडिओचा शिक्का. म्हणाल्या, "डावीकडच्या शेवटच्या मुलीचा हात बघा. तो धरून मी उभी होते."
हात मनगटापाशी संपतो. पुढे कागदच नाही.

५ ऑक्टोबर
बाबांची पद्धत मला ठाऊक होती. या बाईंसारखी काळ्या वस्तीतली मुलं कडेला, उजेड गोऱ्या चेहऱ्यांना. "दोन्ही रंग एका फोटोत नीट उठत नाहीत," म्हणायचे. इतकी वर्षं मी त्याला कसब समजत होतो!

८ ऑक्टोबर
शाळेने काळ्या मुलांना कसं वागवलं, त्यावर मानवाधिकार आयोगाची सुनावणी आहे, पंधराला. आमच्या जुन्या निगेटिव्ह मागितल्यात. ताई फोनवर — "झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांच्या माघारी त्यांची अब्रू कशाला काढतोस?"
हो हो म्हणत फोन ठेवला. ताईपुढे नेहमी ठेवतो तसाच.

११ ऑक्टोबर
आयोगाच्या वकीलबाईंना भेटलो. बाबांच्या वतीने माफी मागतो, म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. काय झालं, कुणी केलं, हे कळणं हा आधी त्या मुलांचा हक्क आहे."
जरा राग आला. मी आपणहून गेलो होतो, निदान चहा तरी विचारायचा! घरी येईपर्यंत पटलं. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडायला धैर्य लागत नाही, हेही कळतं. तरी निगेटिव्ह द्यायच्या.

१२ ऑक्टोबर
माळ्यावरच्या पेट्या उतरवल्या. दिवसभर शिंका.

१३ ऑक्टोबर
सापडली! निगेटिव्हमध्ये डावीकडे आणखी चौघं आहेत, चारही काळी मुलं. बसवाल्या बाई सात-आठ वर्षांच्या, हसताहेत, शेजारणीचा हात घट्ट धरलाय. बराच वेळ बघत बसलो. फार वाईट वाटलं, आणि बाबांचा रागही आला. पाकिटावर लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, फिकट झालंय. उद्या उजेडात बघतो.

१४ ऑक्टोबर
"डावीकडचे चौघे छापताना कापणे."
अक्षर बाबांचं नाही. माझं आहे. चोवीस वर्षांचा होतो, आणि मला हे आठवतसुद्धा नाही.
उद्या सुनावणीत बाबांच्या वतीने बोलणार होतो.